बॅग टेकवणार कुठे?

माझी जुनी कॅमेऱ्याची बॅग पावसात भिजून गेली असती तर एक वेळ समजलं असतं. ती गेली कपाटात बसल्या बसल्या. पाणी अडवण्यासाठी आतल्या कापडाला पॉलियुरेथेनचा जो पातळ लेप दिलेला असतो, तो आधी चिकट झाला, मग त्याचे पोपडे सुटले आणि त्यांची पांढरट भुकटी लेन्सच्या रबरी रिंगच्या खाचांमध्ये जाऊन बसली. टूथब्रशने ती काढता काढता अर्धा रविवार गेला. डोंबिवलीच्या दमट हवेत हा लेप फार वर्षं तग धरत नाही. हवेतलं पाणीच त्याला हळूहळू तोडत जातं. बॅग रोज वापरा नाहीतर माळ्यावर टाका, वय झालं की हे होणारच. चेनचा रनर बदलता येतो, पट्टा पुन्हा शिवता येतो, पण लेप गेला की बॅग गेली.

तर नवी घेणं आलं.

आठवडाभर नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी, असा माझा प्रकार. पावसाळ्यात पक्षी कमी आणि बेडूक-साप जास्त. निकॉन डी7500, त्याच्यावर 200-500 मिलिमीटरची लांब लेन्स, एक 105ची मॅक्रो (बारीक गोष्टी जवळून टिपायला), एक 18-140, फ्लॅश, आणि बाकीचं चिल्लर. यात बॅगेच्या दृष्टीने खरा त्रास एकाच वस्तूचा, तो म्हणजे 200-500. ती साडेसव्वीस सेंटिमीटरहून थोडी जास्त लांब, जवळपास अकरा सेंटिमीटर जाड आणि कॉलरसकट (लेन्स स्टँडवर बसवायचं कडं) 2300 ग्रॅम वजनाची आहे. कॅमेऱ्याला लावलेली ठेवायची तर लांबी 34 सेंटिमीटरच्या आसपास जाते. आणि ती लावलेलीच हवी. भोरडी नाहीतर शिक्रा समोर आल्यावर झाकणं काढून लेन्स चढवत बसलं, की फोटोत रिकामी फांदी येते.

घरात सल्ले लगेच सुरू झाले. नवऱ्याचं म्हणणं, "एकदाच काय ती मोठी घे." मोठ्या बॅगेची गंमत अशी, की ती मोठीच भरली जाते. रिकामा कप्पा दिसला की त्यात स्वेटर जातो, डबा जातो, बरोबर आलेल्यांची पाण्याची बाटलीसुद्धा जाते.

वर्तमानपत्र पसरून सगळं सामान जमिनीवर मांडलं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. कॅमेरा बॅटरी-कार्डासह 720 ग्रॅम, मॅक्रो पाऊण किलो, 18-140 आणि सेल घातलेला फ्लॅश अर्धा-अर्धा किलो. चार्जर, जादा बॅटऱ्या, फ्लॅशचा डिफ्यूजर, पुसायची फडकी धरून बेरीज पाच किलोच्या थोडी वर गेली. हा आकडा मला हवा होता, कारण हिवाळ्यात काझीरंगाला जायचं ठरत होतं आणि देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण 7 किलो असते. म्हणजे रिकाम्या बॅगेचं वजन पावणेदोन किलोच्या वर गेलं की काउंटरवर हुज्जत ठरलेली. सामान चेक-इनमध्ये टाकायचं तर लेन्स आपटण्याची भीती आहेच, शिवाय सुट्या लिथियम बॅटऱ्या तिथे चालतच नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम 14 वॉट-अवरची. 100 वॉट-अवरपर्यंत परवानगी विचारावी लागत नाही, पण टोकं झाकलेली हवीत. त्यासाठी बॅटरीबरोबर येणारी प्लॅस्टिकची टोपी सांभाळून ठेवावी. ती हमखास हरवते.

वजन झालं. मग जाहिराती बघायला लागले आणि वैताग आला. सगळ्या फोटोंत बॅग एखाद्या गुळगुळीत लाकडी टेबलावर उघडी पडलेली, कप्प्याकप्प्यांत लेन्स उभ्या, बाजूला कॉफीचा कप. अशा टेबलावर मी आजवर कॅमेरा काढलेला नाही. माझी बॅग टेकते ती लोकलच्या रॅकवर, एसटीत दोन पायांच्या मध्ये, भिगवणला होडीच्या ओल्या तळाशी, ताडोबात जिप्सीच्या धुळीत आणि आंबोलीत सरळ तांबड्या चिखलात. म्हणून एका बिलाच्या पाठीवर "बॅग टेकवणार कुठे?" असं लिहून खाली ही ठिकाणं मांडली. किती लेन्स मावतात हा प्रश्न त्यानंतरचा. या कागदाने निम्म्या बॅगा परस्पर बाद केल्या.

आंबोलीचंच घ्या. जुलैत रात्री टॉर्च घेऊन बेडूक शोधत हिंडायचं, वरून धो धो पाऊस, पायाखाली चिखल. साधी पाठीवरची कॅमेरा बॅग बाहेरच्या अंगाने उघडते. म्हणजे उघडायची तर तिची पाठ, आपल्या अंगाला टेकणारी बाजू, पट्ट्यांसकट चिखलात ठेवायची, काम झालं की तीच बाजू अंगावर चढवायची. शर्टाचं जे व्हायचं ते होतंच, शिवाय पट्ट्याच्या फोममध्ये शिरलेली बारीक माती पुढे कित्येक दिवस खांदा घासत राहते. पाठीकडून उघडणाऱ्या बॅगेत उलटं असतं. बाहेरची बाजू खाली, आपली बाजू वर. शिवाय पाठीवर असताना बाहेरून कुणाला चेनच दिसत नाही. ठाण्याच्या पुलावरच्या गर्दीत याचं मोल कळतं.

पण हीच बॅग जिप्सीत अडते. आडवी टाकल्याशिवाय ती उघडत नाही, आणि सहा प्रवासी, गाइड आणि ड्रायव्हर एवढी माणसं बसल्यावर जिप्सीत आडवं टाकायला जागा कुठली? वरून उघडणारी असती तर पायांत उभी ठेवून हात घालता आला असता. यावर बराच काळ घोळ घातला. शेवटी ताडोबात मी प्रत्यक्षात काय करते ते आठवून बघितलं. गेटमधून आत शिरलं की लेन्स लावलेला कॅमेरा मांडीवर असतो आणि त्यावर उशीचा जुना अभ्रा. उन्हाळ्यात पुढच्या गाडीने उडवलेली धूळ इतकी बारीक असते की चेन उघडली रे उघडली की ती आत. त्यामुळे सफारी संपेपर्यंत बॅग उघडायचीच नाही, हा नियम आधीपासून आहे. मग वरून उघडली काय नि पाठीकडून उघडली काय! (अभ्रा सुती घ्यावा. सिंथेटिकला धूळ चिकटून बसते.)

भिगवणचा प्रश्न सोपा निघाला. कुंभारगावच्या बाजूने उजनीच्या पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) बघायला ज्या होड्या जातात त्यांच्या तळाला थोडं पाणी असतंच. तिथे बॅग नेऊच नये. कॅमेरा गळ्यात, जादा बॅटरी खिशात, बॅग काठावर गाडीत. "दादा, बॅग ठेवू का फळीवर?" असं विचारलं की नावाडी "ठेवा की" म्हणतो. त्याला काय, भिजणार आपली.

शनिवारी दुपारी सीएसएमटीला उतरून बोरा बाजार गाठला. रविवारी फोर्ट बंद, त्यामुळे ऑफिसमधून लवकर निघावं लागलं. जाताना सगळं सामान जुन्या बॅगेत भरून बरोबर घेतलं होतं. एका दुकानात शिरले तर गल्ल्यावरच्या माणसाने हसून विचारलं, "मॅडम, गिफ्ट द्यायचंय का? साहेबांकडे कुठला कॅमेरा आहे?"

"साहेबांकडे फोन आहे," मी म्हटलं. "कॅमेरा माझा आहे."

तरी त्याने काढल्या त्या फिकट गुलाबी शिलाईच्या, पर्ससारख्या दिसणाऱ्या दोन बॅगा. 200-500 बाहेर काढून काउंटरवर ठेवली तेव्हा मागच्या कपाटाकडे वळला. तोवर माझा मूड गेला होता.

दुसऱ्या दुकानातले गृहस्थ वयस्कर होते आणि त्यांना विकायची घाई नव्हती. "भरून बघा, ताई," म्हणाले, "रिकामी बॅग सगळ्यांनाच छान बसते." त्यांनी एक स्टूल रिकामं करून दिलं आणि मी पाऊण तास त्यांच्या बॅगा भरत-रिकाम्या करत बसले. जाहिरातीत लिहिलेली मापं बहुतेक बाहेरची असतात, हे तेव्हाच टेपने मोजून कळलं. बाहेरून 48 सेंटिमीटर लिहिलेल्या एका बॅगेत वरचा कप्पा स्वेटरसाठी वेगळा होता आणि खालच्या कॅमेऱ्याच्या कप्प्याची उंची 29च भरली. लेन्स लावलेला कॅमेरा त्यात आडवासुद्धा गेला नाही. जाडीचंही तेच. लेन्स अकरा सेंटिमीटरची, कॉलरचा पाय बाजूला फिरवला तरी आत तेरा तरी हवेत. पण बाहेरून बॅग वीसच्या पुढे गेली की संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये बायका जीव खातात. "ओ, बॅग पुढे घ्या!" हे वाक्य ऐकून ती छातीशी धरायची म्हटलं, तर एवढ्या जाड बॅगेवरून समोरचं दारही दिसत नाही.

अंगावर बसण्याची गोष्ट मात्र बाजारात कुणीच आपणहून सांगत नाही, आणि बायकांना तर नाहीच. पाठीची उंची मोजावी: मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. माझी 41 सेंटिमीटर आहे. मोठ्या बॅगांचा कमरेचा पट्टा माझ्या कमरेच्या खाली, जवळजवळ मांडीवर येतो. म्हणजे तो नुसता शोभेचा. पट्टा कमरेच्या हाडावर बसला तरच वजन खांद्यावरून उतरतं. घालण्याचा क्रमही आहे. आधी खांद्याचे पट्टे सैल सोडायचे, कमरेचं बकल हाडावर आवळायचं, मग खांद्याचे पट्टे ओढायचे आणि सगळ्यात शेवटी छातीचा. हा छातीचा पट्टा वर-खाली सरकणारा असावा. एकाच उंचीवर शिवलेला असला तर तो बायकांना नको तिथे काचतो. पुरुषांनी केलेल्या परीक्षणांत या गोष्टीचा उल्लेख मला सापडला नाही, यात नवल नाही.

आजोबांनी पोटमाळ्यावर जायच्या लोखंडी शिडीकडे बोट दाखवलं. "चढून उतरून या." पाच किलो पाठीवर घेऊन चढले-उतरले, बाहेर गल्लीच्या टोकापर्यंत चालून आले. एक बॅग उभं राहिल्यावर झकास वाटत होती, ती शिडीवर मागे ओढायला लागली. जड लेन्स पाठीपासून लांब, बाहेरच्या बाजूला बसवायची रचना होती तिची. लेन्स पाठीला लागून, उभी आणि मधोमध हवी, हे त्या शिडीने शिकवलं.

तिथेच गप्पांत जुन्या बॅगांचा विषय निघाला. त्यांच्याकडे कॅनव्हासची एक फार जुनी डोमकी होती, विकायची नव्हे, ठेवणीतली. जिम डोमकी हा फिलाडेल्फियातल्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. सत्तरच्या दशकात आपल्या कामाला सोयीची म्हणून त्याने ती मऊ, अंगालगत लोंबणारी, एका हाताने उघडता येणारी बॅग काढली. लोवेप्रो ही बॅगांची कंपनी काढणारा ग्रेग लोव गिर्यारोहक होता. बिलिंगहॅम तर इंग्लंडात 1973 साली मासेमारीच्या बॅगा शिवत सुरू झाली, छायाचित्रकारांनी त्या उचलल्या. यातला प्रत्येक जण आपल्या कामापुरता विचार करत होता. मोर्च्यात पळणाऱ्याची बॅग कड्यावर चढणाऱ्याला चालणार नाही, आणि दोन्हींपैकी एकही डोंबिवली-सीएसएमटीसाठी शिवलेली नाही. त्या डोमकीवर माझा जीव आला होता, पण एका खांद्यावर पाच किलो घेऊन मी कल्याणचा जिनासुद्धा चढू शकत नाही.

"वॉटरप्रूफ आहे ना ही?" असं विचारायचं नाही, कारण उत्तर नेहमी "हो" असतं. कापड पाणी अडवतं, शिलाई आणि चेन अडवत नाहीत. बरोबर येणारं रेनकव्हरही पाठीकडची बाजू उघडीच ठेवतं. आंबोलीच्या पावसात मानेवरून निघालेलं पाणी पाठ आणि बॅग यांच्या मधून ओघळत खाली जातं आणि पाठीकडून उघडणाऱ्या बॅगेची चेन नेमकी तिथेच असते. या बाबतीत कोकणातलं इरलं जास्त शहाणं, डोक्यावरूनच येतं, मानेपाशी फट ठेवत नाही. यावर माझा उपाय म्हणजे आत एक ड्राय बॅग, राफ्टिंगवाले वापरतात ती तोंड गुंडाळून बंद करायची. कॅमेरा आधी तिच्यात, मग बॅगेत. काढायला वेळ लागतो, पण बेडूक शिक्र्यासारखे उडून जात नाहीत.

कापडाच्या बाबतीत डेनियरचा आकडा बघून हुरळून जाऊ नये. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, इतकंच. 1680चं कापड दणकट, पण त्याच हिशेबाने जडही. माझ्या पावणेदोन किलोच्या गणितात 420चं बारीक विणीचं बसत होतं, तळाला तेवढं जाड. तळ टेकतो, बाकीची बॅग टेकत नाही.

शेवटी घेतली ती पाठीकडून उघडणारी, करड्या रंगाची, आतून 43 सेंटिमीटर उंच, रिकामी 1600 ग्रॅम भरणारी. नऊ हजारांच्या आतबाहेर गेली. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, अशी मॉडेलं वर्ष-दोन वर्षांत बदलतात. आजोबांनी जास्तीचं सिलिकाचं पाकीट दिलं आणि पावती नीट ठेवायला सांगितलं.

बॅग विकत घेऊन काम संपत नाही. स्टेशनजवळ बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसतात, शिलाई मशीन आणि निवारीच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या घेऊन. त्यांच्याकडे नेली. पहिलं काम कंपनीचं भलंमोठं नाव उसवून काढणं. रेल्वेत बर्थखाली ठेवलेल्या बॅगेवर "आत कॅमेरा आहे" अशी पाटी कशाला? काकांनी ब्लेडच्या टोकाने एकेक टाका तोडला, कापडाला एक भोक पडू दिलं नाही. मग चेनच्या रनरचे धातूचे लोंबते तुकडे काढून त्यांच्या जागी नाडीच्या गाठी बांधून घेतल्या, कारण पहाटे पाणवठ्यावर तो किणकिण आवाज पक्ष्यांना आधी ऐकू जातो. तळाला निवारीचा एक जाड फास शिवला, बर्थखालच्या कडीला साखळी लावताना ती त्यातून ओवता येते. आतला एक आडवा पार्टिशन मधून कापून त्याच्या दोन्ही कडांना वेल्क्रो लावला, म्हणजे फ्लॅश वर आणि मॅक्रो खाली बसते. "नवी बॅग आणि कापायची?" असं काका दोनदा म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "पार्टिशनला काय होतंय, फोमच आहे."

काझीरंगाला जाताना काउंटरवर बॅग काट्यावर ठेवायला सांगितली, काटा सातच्या खाली राहिला. स्वेटर अंगात होता, चार्जर जॅकेटच्या खिशात. सगळेच करतात.

आणि एक गोष्ट, जी बॅग घेतानाच घरात जागा करून ठेवावी: पावसाळ्यात सामान बॅगेत ठेवायचं नाही. फोम ओल धरून ठेवतो, आतला अंधार आणि कोंदटपणा बुरशीला हवा तसाच. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की लेन्सच्या आतल्या काचेवर ती जाळी धरायला लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या खाली उतरतच नाही म्हटलं तरी चालेल. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, महाग वाटलं तर हवाबंद झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता दाखवणारा काटा एवढ्यात भागतं. काटा 40 ते 50च्या मध्ये ठेवायचा. रंग बदललेलं सिलिका मंद गॅसवर कढईत परतून पुन्हा वापरता येतं, मात्र ती कढई परत पोह्यांना वापरायची नाही. आंबोलीहून आल्यावर बॅग सगळ्या चेन उघडून पंख्याखाली उलटी टांगते, दोन दिवस. दिवाणखान्यात. घरच्यांनी बोलणं सोडून दिलंय.

खोट एकच राहिली आहे. ट्रायपॉडचा खिसा आणि पाण्याच्या बाटलीचा खिसा एकाच बाजूला आहेत, त्यामुळे दोन्ही भरले की बॅग डावीकडे झुकते. दुसऱ्या बाजूला खिसा शिवून द्या म्हणून काकांना सांगितलंय. जूनमध्ये गेले तर समोर शाळेच्या दप्तरांचा ढीग होता. परवा पुन्हा विचारलं तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "गणपतीनंतर या."